पहिली-दुसरीतल्या मुलांच्या वाचनातली तफावत नेमकी कशाची?

शब्दवेल (मूळ लेख):

शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले की पुण्यातल्या पालकांमध्ये एक तुलना हमखास सुरू होते. इंग्रजी माध्यमातली मुले दुसरीत घडाघडा वाचतात आणि महापालिकेच्या शाळेतली मुले अजून बाराखडीतच अडकलेली असतात, असे म्हटले जाते. त्यातून निघणारे निष्कर्षही ठरलेले असतात. कोणी शिक्षकांना दोष देतो, कोणी माध्यमाला, कोणी आईवडिलांच्या अनास्थेला, आणि काही जण तर थेट मुलांच्या बुद्धीविषयी बोलू लागतात. मी हडपसर आणि येरवडा भागातल्या मुलांबरोबर स्वयंसेवक म्हणून वाचनाचे काम करते. माझे म्हणणे असे आहे की तफावत खरी आहे, परंतु दुसरीच्या अखेरीस दिसणाऱ्या फरकातला फार मोठा वाटा मुले पहिलीत पाऊल टाकतात त्या दिवशीच तयार झालेला असतो, आणि तो दिवस आपण कधीच मोजत नाही.

जूनमध्ये पहिलीत आलेल्या दोन मुली डोळ्यांसमोर आणा. एकीने खेळगट, छोटा शिशू आणि मोठा शिशू अशी तीन वर्षे काढलेली आहेत. घरी वर्तमानपत्र येते, रात्री कोणीतरी गोष्ट वाचून दाखवते, बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या वाचण्याचा खेळ चालतो. दुसऱ्या मुलीच्या घरात छापील मजकूर म्हणजे विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी आणि भिंतीवरचे कॅलेंडर एवढाच आहे, आणि तिला गोष्टी सांगणारी आजी गावी राहिलेली आहे. ओळ डावीकडून उजवीकडे जाते, प्रत्येक अक्षराला आवाज असतो, पानावरच्या खुणांमधून कोणाचे तरी बोलणे आपल्यापर्यंत येते, हे पहिल्या मुलीला कोणी मुद्दाम न शिकवता ठाऊक झालेले असते. दुसरी मुलगी हे सारे जुलै-ऑगस्टमध्ये शिकत असते आणि तोपर्यंत वर्गाचे पाठ्यपुस्तक पुढे सरकलेले असते.

यात वयाचाही भाग आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला त्या वर्षी पहिलीत प्रवेश मिळू शकतो. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा एकाच वर्गात साडेपाच वर्षांचे मूल असते आणि साडेसहा वर्षांचेही असते. साडेपाच वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा झाला. वर्गातली सर्वांत लहान मुले सुरुवातीच्या इयत्तांमध्ये मागे दिसतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा आढळले आहे. तरीही डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला आपण ‘कच्चा’ म्हणतो.

वाचनाच्या चर्चेत ‘असर’ अहवालाचे आकडे नेहमी पुढे येतात. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघणारा हा अहवाल मोलाचा आहे. त्यात घरी जाऊन मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला दिली जाते, त्यामुळे शाळेत न जाणारी किंवा त्या दिवशी गैरहजर असणारी मुलेही सुटत नाहीत. देशभरात तिसरीतली किती मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकतात, याचे त्यातले प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. करोनाकाळातल्या शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. परंतु ही मुख्य पाहणी ग्रामीण भागातली आहे. पुण्यातले सुखवस्तू कोथरूड आणि जनता वसाहत ही झोपडपट्टी यांतल्या मुलांच्या वाचनातल्या अंतराबद्दल तिच्यावरून काही सांगता येत नाही, आणि तरीही पुण्यातल्या शाळांविषयीच्या वादात हेच आकडे वापरले जातात.

कीथ स्टॅनोविच या अभ्यासकाने १९८६ मध्ये एक गोष्ट फार स्पष्टपणे मांडली होती. ज्या मुलांना लवकर वाचता येते ती अधिक वाचतात, अधिक वाचल्यामुळे त्यांचा शब्दसाठा वाढतो, आणि त्या शब्दसाठ्यामुळे पुढचे वाचन आणखी सोपे होते. ज्यांना उशीर होतो त्यांच्या बाबतीत हेच चक्र उलट फिरते. म्हणून सुरुवातीचा फरक आपोआप भरून निघेल अशी वाट पाहणे मला अन्यायाचे वाटते. या विषयावर शिक्षक, पालक आणि जाणकार यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे.

पाटीपेन्सिल:

शब्दवेलताई, मी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीची वर्गशिक्षिका आहे. आपण दोन मुलींचे चित्र रेखाटले आहे. माझ्या वर्गात तर दोन नव्हे, पाच-सहा प्रकारच्या सुरुवाती असतात. काही मुले जूनमध्ये येतात, काही गणपतीनंतर, आणि बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर. वाघोली, मांजरी, धायरी या बाजूला जिथे इमारतींचे काम सुरू होते तिथे ही कुटुंबे जातात, काम संपले की हलतात, आणि मुलाच्या शिकण्यात प्रत्येक वेळी खंड पडतो. वयानुरूप प्रवेश द्यावा असे शिक्षण हक्क कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे, पण आठ वर्षांचे मूल तिसरीत बसते तेव्हा त्याला अक्षरओळखीपासून शिकवण्यासाठी जो वेगळा वेळ लागतो तो वेळापत्रकात कुठे नसतो.

घरची भाषा हा दुसरा मोठा भाग आहे. मराठी माध्यमाचा वर्ग म्हटला की सर्व मुलांची भाषा मराठी असेल असे बाहेरच्यांना वाटते. माझ्या वर्गात कन्नड, तेलुगू, हिंदी, वडारी, लमाणी आणि पारधी बोलणारी मुले आहेत. ही मुले दोन-तीन भाषा सहज बोलतात आणि बाजारात आईवडिलांसाठी दुभाष्याचे कामही करतात. परंतु पाठातले मराठी शब्द त्यांनी कधी ऐकलेलेच नसतात. अक्षरे जोडून शब्दाचा उच्चार ते करतात आणि मग माझ्याकडे पाहतात, कारण त्या उच्चारातून त्यांच्या मनात काहीच उभे राहिलेले नसते. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते त्याला तोच शब्द अर्धा वाचताच पुढचा ओळखू येतो. चाचणीत या दोन्ही मुलांचा निकाल एकाच स्तंभात लिहिला जातो.

मात्र सर्व भार घरावर टाकणे मला मान्य नाही. शाळेने जे करायला हवे ते होत नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. पुस्तक पूर्ण करण्याच्या दडपणाखाली आम्ही वर्गातल्या वरच्या दहा मुलांसाठी शिकवतो. मागच्या बाकांवरची मुले फळ्यावरचे सुबक अक्षरांत उतरवून घेतात. त्यांची वही भरलेली असते, बरोबरच्या खुणाही मिळतात, आणि मूल वाचू शकत नाही हे मार्चपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक मुलाचे प्रकट वाचन एकेकटे ऐकणे हाच यावरचा उपाय आहे, पण नोंदवह्या, माहितीचे तक्ते, ऑनलाइन भरायची माहिती आणि निवडणुकीची कामे यांतून तो वेळ काढावा लागतो. गेल्या वर्षी आम्ही पहिली, दुसरी आणि तिसरीच्या शिक्षिकांनी मिळून रोज एक तासिका इयत्ता बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवले. तिसरीतला मुलगा पहिलीतल्या मुलाशेजारी बसून मात्रा शिकला, आणि आम्हाला भीती वाटत होती तसे कोणालाही त्यात कमीपणा वाटला नाही, कारण प्रत्येक गटात सर्व इयत्तांची मुले होती.

वडगावकर:

दोन्ही प्रतिसाद मनापासून वाचले. तरीही एक पालक म्हणून मला वेगळे म्हणायचे आहे. मी आणि माझी पत्नी दोघेही मराठी माध्यमात शिकलो, आणि तरीही मुलीला इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घातले. शुल्क परवडत नाही, ओढाताण होते. तिथे दुसरीतली मुले पुस्तक वाचून दाखवतात हे मी स्वतः पाहिले म्हणून हा निर्णय घेतला. सुरुवात वेगळी होती, भाषा वेगळी होती, वय कमी होते, हे सर्व मान्य केले तरी शेवटी माझ्या मुलीला वाचता येते की नाही हाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. कारणे कितीही समजून घेतली तरी पालकाला शाळा निवडावीच लागते, आणि ज्या शाळेतली मुले वाचतात ती शाळा तो निवडतो. त्यात चूक काय, हे मला कोणी समजावून सांगावे.

आकडेमोड:

वडगावकर, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला बऱ्यापैकी ठोस उत्तर उपलब्ध आहे. एखाद्या शाळेतली मुले चांगली वाचतात, याचा अर्थ त्या शाळेने त्यांना चांगले वाचायला शिकवले असा होतोच असे नाही. ज्या घरांतून ती मुले आली त्या घरांनीही त्यांना घडवलेले असते. ‘असर’च्या आकड्यांचे जे विश्लेषण झाले आहे त्यात आईवडिलांचे शिक्षण, घरची परिस्थिती आणि शिकवणी या गोष्टी विचारात घेतल्या की खासगी आणि सरकारी शाळांमधल्या वाचनाच्या फरकाचा बराच मोठा भाग विरून जातो असे दिसून आले आहे.

याहून भक्कम पुरावा आंध्र प्रदेशातला आहे. तिथे कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी सोडतीवर आधारलेला प्रयोग केला. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांनी अर्ज केले त्यांच्यातून चिठ्ठ्या काढून काही मुलांना खासगी शाळेचे शुल्क देण्यात आले आणि चार वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. सोडतीमुळे दोन्ही गटांतली घरे सारखीच होती, म्हणून शाळेचा परिणाम वेगळा करून पाहता आला. तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुले पुढे होती, कारण त्या शाळांमध्ये हिंदीला वेळ दिला जात होता. हेही खरे की त्या खासगी शाळा प्रत्येक मुलामागे सरकारी शाळांपेक्षा पुष्कळच कमी खर्च करत होत्या, म्हणजे कमी पैशांत त्यांनी तेवढेच साधले होते. हा प्रयोग ग्रामीण आंध्रातला असल्यामुळे तो जसाच्या तसा पुण्याला लावू नये, पण ‘पुढे असलेली मुले’ आणि ‘पुढे नेणारी शाळा’ या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा सरासरीचा. दोन गटांच्या सरासरीत अंतर असले तरी गटांच्या आतला पसारा साधारणपणे त्या अंतरापेक्षा मोठा असतो. मराठी माध्यमातली कित्येक मुले इंग्रजी माध्यमातल्या सरासरी मुलापेक्षा सरस वाचतात आणि उलटही असते. त्यामुळे गटावरून मुलाविषयी अंदाज बांधला तर तो पुष्कळदा चुकतो. शिवाय पहिलीत मराठी वाचणारे मूल आणि पहिलीत इंग्रजी वाचणारे मूल यांना एकाच फूटपट्टीवर ठेवणे मुळातच अवघड आहे, पण त्याविषयी लिपी जाणणाऱ्या कोणी लिहिले तर बरे.

वडगावकर:

सोडतीचा प्रयोग मला माहीत नव्हता. आभारी आहे. घरी मुलीकडून वाचून घेताना एक गोष्ट मात्र मलाही खटकत आली आहे. ती इंग्रजी धडा अडखळल्याशिवाय वाचते, पण धड्यात काय झाले हे विचारले तर गप्प होते. तोच प्रसंग मी मराठीत सांगितला की प्रश्नांचा भडिमार करते.

लिपीकार:

वडगावकरांचे निरीक्षण या विषयाच्या गाभ्याशी आहे. १९८६ मध्येच गॉफ आणि टनमर यांनी मांडले होते की समजून वाचणे म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणे आणि ती भाषा ऐकून समजणे या दोन क्षमतांचा गुणाकार आहे. यातली एक शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही चांगली असली तरी गुणाकार शून्याजवळच राहतो. वडगावकरांच्या मुलीची पहिली क्षमता तयार आहे आणि इंग्रजीतली दुसरी अजून व्हायची आहे. पाटीपेन्सिल यांच्या वर्गातल्या लमाणी बोलणाऱ्या मुलाचेही मराठीत तेच घडते. एक मूल शुल्क भरून शिकते आणि दुसरे महापालिकेच्या शाळेत, तरी अडचण एकाच जातीची आहे. आपण मात्र पहिल्याला हुशार म्हणतो आणि दुसऱ्याला कच्चे.

आता फूटपट्टीविषयी. ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तर तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असे लक्ष्य ठेवण्यात आले. शब्द मोजण्यात अडचण अशी की मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत दोन शब्द आहेत. हाच मजकूर हिंदीत लिहिला तर ‘घर के सामने के पेड़ के नीचे’ असे सात शब्द होतात. मिनिटाला शब्द मोजून मराठी आणि हिंदी माध्यमाच्या शाळांची तुलना केली तर मराठी मूल उगाचच संथ ठरेल. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी स्वतंत्र निकष ठरवले गेले ते याच कारणाने. पुण्यात महापालिकेच्या मराठी, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. त्यांचे निकाल एकाच तक्त्यात शेजारीशेजारी मांडताना याचे भान ठेवायला हवे.

लिपीचाही स्वतःचा वेग असतो. इंग्रजीत २६ अक्षरांची ओळख लवकर होते, पण त्यांचे उच्चार बेभरवशाचे असल्यामुळे खरी अडचण नंतर येते. देवनागरीत उच्चार बराचसा नियमित आहे, परंतु शिकायच्या आकृत्या शेकड्यांनी आहेत. वेलांटी ऱ्हस्व असेल तर ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. ‘र’ एकटाच ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांत चार रूपे घेतो. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा अक्षरांवर प्रभुत्व यायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात असे दिसले. कन्नड लिपीची रचना देवनागरीसारखीच आहे. म्हणून दुसरीतले मूल जोडाक्षरापाशी अडले तर ते मागे पडले असे म्हणण्याची घाई करू नये. मात्र ते काना-मात्रेपाशी अडले असेल तर तातडीने लक्ष द्यायला हवे.

मुख्यसेविका_पुणे:

मूळ लेखात घरातल्या छापील मजकुराविषयी आणि बालवाडीविषयी लिहिले आहे, अंगणवाडीचा उल्लेखच नाही, म्हणून लिहीत आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आहार, आरोग्य आणि शालापूर्व शिक्षण ही तिन्ही कामे एकाच अंगणवाडीताईंवर आहेत. वजने, आहार, गरोदर मातांच्या भेटी, मोबाइलवरच्या नोंदी या सर्वांची रोज विचारणा होते. गोष्ट सांगितली का, बडबडगीत झाले का, हे क्वचितच कोणी विचारते. ज्या अंगणवाडीत मदतनीस नियमित येते आणि जागा पुरेशी आहे तिथली मुले पहिलीत गेल्यावर शिक्षिका आम्हाला आवर्जून सांगतात की ही मुले वेगळी कळतात. वस्तीतली अंगणवाडी जर दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत भरत असेल तर तिथून आलेल्या मुलांची तुलना तीन वर्षे सुसज्ज बालवाडीत गेलेल्या मुलांशी करताना निदान ती खोली तरी पाहून यावी.

श्रवणा:

मी वाक्-श्रवण उपचारतज्ज्ञ आहे आणि या चर्चेत एका गटाचा उल्लेख राहून गेला आहे. काही मुलांना सुरुवात चांगली मिळते, घरची भाषा तीच असते, शिक्षिकाही मेहनती असतात, आणि तरीही वाचन येत नाही. अशा मुलाबाबत पहिल्यांदा कान आणि डोळे तपासावेत. वारंवार सर्दी होऊन कानात द्रव साठणाऱ्या मुलाला महिनोन्‌महिने कमी ऐकू येत असते आणि ‘प’ व ‘ब’ किंवा ‘त’ व ‘द’ यांतला फरक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीसाठी येतात. तिथे एखाद्या मुलाचे नाव पुढच्या तपासणीसाठी लिहिले गेले तर त्याचा पाठपुरावा शाळेने करावा, कारण रोजंदारीवर जाणाऱ्या आईला रुग्णालयात एक दिवस घालवणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे असते.

कान-डोळे ठीक असूनही अडचण राहिली तर वाचन-अक्षमतेचा विचार करावा लागतो. पूर्वी याची चाचणी मुख्यतः इंग्रजीत होत असे आणि मराठी माध्यमातल्या मुलाची अडचण ओळखण्याचे साधनच नसे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा तपासणीसंच तयार केला, त्यात हिंदी आणि कन्नडबरोबर मराठीही आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. प्रत्यक्षात मात्र माझ्याकडे येणारी बहुतेक मुले खासगी शाळांतली आणि सुस्थितीतल्या घरांतली असतात. वस्त्यांतल्या मुलांमध्ये ही अडचण कमी असते असे मानायला काहीही आधार नाही. तिथे ती ‘अभ्यासात लक्ष नाही’ या शेऱ्याखाली झाकली जाते. म्हणजे गटागटांतली तफावत वाचनात आहे तशीच अडचण ओळखली जाण्यातही आहे.

शब्दवेल:

सर्वांचे मनापासून आभार. मुख्यसेविकाताई, तुम्ही अंगणवाडीचे चित्र नेमके मांडले आहे. श्रवणाताईंनी शेवटी जे लिहिले ते मला फार महत्त्वाचे वाटते.

पाटीपेन्सिल यांनी मुलांना पातळीप्रमाणे बसवण्याचा जो प्रयोग लिहिला आहे त्याला आपल्याकडे चांगला आधार आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ प्रयोग झाला. वस्तीतल्याच तरुण मुलींना प्रशिक्षण देऊन, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट त्यांनी दिवसातले सुमारे दोन तास वेगळा घेतला आणि पायाभूत वाचन-गणित शिकवले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. त्या तरुण मुलींजवळ शिक्षणशास्त्राची पदवी नव्हती. मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात करण्याची मोकळीक मात्र त्यांना होती. वर्गशिक्षिकेला ही मोकळीक देणे प्रशासनाच्या हातात आहे आणि त्याला मोठा खर्चही येत नाही.

एक प्रश्न विचारायचा राहिला. मुलगे आणि मुली यांच्यात तुम्हाला फरक दिसतो का? चौथीतल्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय पाहणी २०१६ मध्ये झाली, तीत ५० पैकी ४८ देशांत मुली पुढे होत्या. भारत त्या पाहणीत भाग घेत नाही, म्हणून वर्गातला अनुभव कळला तर उपयोग होईल.

पाटीपेन्सिल:

शब्दवेलताई, पहिली-दुसरीत मुली पुढे असतात असाच माझा अनुभव आहे. त्या अधिक वेळ बसतात, एकमेकींना वाचून दाखवतात, वाचनकोपऱ्यातली पुस्तके मागून नेतात. परंतु माझ्या वर्गात जी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस घरी राहते ती या पुढे असलेल्या मुलींमध्ये नसते. सुट्टीच्या दिवसात गावी गेलेल्या मुलीही उशिरा परततात, कारण आई आजारी असते किंवा लग्नसराई असते. मुलींच्या गटाची सरासरी चांगली दिसते आणि या मुली तिच्यात दिसेनाशा होतात. आकडेमोड यांनी गटाच्या आतल्या पसाऱ्याविषयी लिहिले ते मला याच ठिकाणी पटले. म्हणून मी हजेरीपट आणि वाचननोंद शेजारी ठेवून पाहते. जिथे हजेरी तुटते तिथे दोन आठवड्यांत वाचनही तुटलेले दिसते, आणि हे मुलगा-मुलगी, माध्यम, वस्ती या कशाहीपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

वडगावकर:

मग शाळा निवडताना पालकाने विचारावे तरी काय?

आकडेमोड:

मुलाने किती प्रगती केली, हे विचारावे. पहिलीत आलेली मुले जुलैमध्ये काय वाचत होती आणि मार्चमध्ये काय वाचू लागली, याची नोंद शाळेकडे आहे का, ते विचारावे. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात २०१५ पासून पायाभूत चाचणी आणि त्यानंतरच्या चाचण्या अशी कल्पना शिक्षकांच्या परिचयाची झालेली आहे, त्यामुळे ही मागणी अवास्तव नाही. कोणत्याही शाळेने निवडक मुलांचे वाचन ऐकवले तर ती निवड कशी झाली तेही विचारावे. शुल्क घेणाऱ्या शाळेला हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि महापालिकेच्या शाळेला तो विचारण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्यांना आहे.

शब्दवेल:

यावरून एक प्रस्ताव मांडते. आमच्या गटाच्या स्वयंसेवकांनी येत्या वर्षी ज्या शाळा परवानगी देतील तिथे पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाचे वाचन जुलैमध्ये आणि मार्चमध्ये एकेकटे ऐकावे आणि वर्गशिक्षिकेला एका पानाची नोंद द्यावी. शाळांची क्रमवारी लावायची नाही आणि मुलांची नावे वर्गाबाहेर जाऊ द्यायची नाहीत. वाचायचा मजकूर पाठ्यपुस्तकाबाहेरचा असावा, कारण धडा पाठ झालेला असतो. वाचून झाल्यावर मुलाने गोष्ट आपल्या घरच्या भाषेत सांगितली तरी ती ग्राह्य धरावी, म्हणजे त्याला वाचन समजले नाही की मराठीत सांगता आले नाही, हे वेगळे कळेल.

पाटीपेन्सिल:

नोंदीच्या पानावर मुलाची जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याचा महिना, घरची भाषा आणि अंगणवाडी किंवा बालवाडी किती वर्षे झाली, हे चार रकाने अवश्य ठेवा. दिवाळीनंतर दाखल झालेल्या मुलांचे पहिले वाचन जुलैऐवजी ती आल्यावर पंधरा दिवसांनी घ्यावे लागेल; आल्या आल्या ऐकले तर मूल बुजलेले असते आणि येत असलेलेही वाचत नाही. आमच्या शाळेपुरते मी मुख्याध्यापकांशी या आठवड्यात बोलते आणि इथेच कळवते.